टेबलावर ताठ, अंगावर खचलेला: भौमितिक कपड्याचा आकार का टिकत नाही?

तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. "टेबलावर होता तोवर कागदाच्या घडीसारखा उभा होता. अंगावर चढवला आणि पाच मिनिटांत खाली आला." शंकूसारखी बाही असो, कानापर्यंत उठणारी कॉलर असो की कमरेच्या दोन्ही बाजूंना बाहेर काढलेला चौकोनी घेर, दुखणं तेच. त्यावर केला जाणारा उपायही तोच: कॅनव्हासचा, म्हणजे आतून ताठपणा देणाऱ्या जाड कापडाचा, आणखी एक थर. तोही खचला की त्यावर बकरम, म्हणजे खळीने कडक केलेलं कापड. शेवटी कपडा पुठ्ठ्यासारखा कडक होतो, घालणारीचे खांदे भरून येतात, आणि शेंडा तरीही खालीच बघत असतो.

मी पॅटर्न कापते आणि रॅम्पवर जाणाऱ्या कपड्यांची आतली बांधणी करते. इतक्या वर्षांत एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. आकार जिथे खचलेला दिसतो तिथे दोष बहुतेक वेळा नसतोच. आकार अंगाला जिथे धरलेला असतो, तिथे तो असतो. म्हणून कॅनव्हास कापायला घेण्याआधी कपडा उलटा करा आणि त्याचं वजन नेमकं कुठे उतरतंय ते शोधा.

आधी खचण्याचा प्रकार ओळखा

कपडा डमीवर चढवा. कॅमेरा एका जागी पक्का ठेवून बाजूने फोटो काढा. वीस मिनिटांनी त्याच जागेवरून दुसरा काढा आणि कपडा रात्रभर तसाच ठेवून सकाळी तिसरा. नंतर तोच कपडा माणसाच्या अंगावर घालून चालायला सांगा, खुर्चीत बसायला सांगा, हात वर करायला सांगा. नुसत्या नजरेवर विसंबू नका. दिवसभर एकच कपडा बघत राहिलं की नजर त्याच्या खचण्यालाही सरावते.

हात सोडताक्षणी आकार खाली आला, तर पाया तरी कच्चा आहे किंवा कापडाला स्वतःचं वजन पेलत नाही. सुरुवातीला ठीक राहून सकाळपर्यंत खाली आला, तर कारण धाग्यात, हवेतल्या ओलाव्यात किंवा फ्युजिंगमध्ये (इस्त्रीने चिकटवलेल्या आतल्या थरात) आहे. आणि डमीवर रात्रभर नीट राहिलेला आकार अंगावर बिघडला, तर दोष जोडात आहे. डमी श्वास घेत नाही आणि खांदाही उचलत नाही. तिची कंबर दाबली जात नाही, त्यामुळे पट्टा जागचा हलत नाही. माणसाच्या अंगावर हे सगळं एकाच वेळी होत असतं.

या तिन्ही दुखण्यांवर उपाय वेगवेगळे आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की वजन तेवढं वाढतं.

पाया

एका लांब कोटाचं उदाहरण देते. डाव्या खांद्यावरून घडीच्या पंखासारखा एक त्रिकोण बाहेर जायचा, जवळपास ३८ सेंटिमीटर. कोट बाहेरून लोकरीचा आणि पंखाच्या आत कॅनव्हासचे दोन थर. पहिल्या ट्रायलला शेंडा चार बोटं खाली आला. मी तिसरा थर घातला. दुसऱ्या ट्रायलला तो सहा बोटं खाली.

तेव्हा कुठे कोट उलटा केला. पंखाच्या मुळापासून मुंढ्याच्या मागच्या बाजूकडे एक बारीक तिरकी सुरकुती गेली होती. खांद्याची शिलाई सरळ राहिली नव्हती. ती पुढच्या बाजूला अर्धा बोट फिरली होती आणि मानेजवळचं कापड पंखाच्या दिशेने ओढलं गेलं होतं. पंख स्वतः वाकलाच नव्हता. तो अख्खाच्या अख्खा मुळातून फिरला होता, बिजागरी ढिली झाली की दार लोंबतं तसा. मी त्याला जितका जड करत होते, तितका तो जास्त फिरत होता.

मग पंख उसवला आणि तिसरा थर काढून टाकला. आत एक स्वतंत्र योक, म्हणजे खांद्यांवर बसणारा आतला भाग, बांधला: घट्ट विणीच्या सुती कॅनव्हासचा, मानेमागून उजव्या खांद्यापर्यंत नेलेला, पाठीवर खांद्याच्या हाडाखालपर्यंत उतरलेला, आणि डाव्या काखेखालून ग्रोसग्रेन या न ताणणाऱ्या जाड फितीने बांधलेला. पंख वरच्या लोकरीला न जोडता या योकला तीन जागी धरला. लोकर वरून नुसती पांघरली. शेंडा जागेवर आला आणि कोट आधीपेक्षा हलका झाला.

यातलं तत्त्व साधं आहे. बाहेर आलेला प्रत्येक आकार मुळाशी पीळ देतो. वजन जितकं जास्त आणि ते अंगापासून जितकं दूर, तितका हा पीळ मोठा. वरचं कापड एकटं तो सोसू शकत नाही, कारण कापड ओढीला टिकतं, पिळाला नाही. म्हणून पीळ अंगावर पसरवायला आत दुसरा सांगाडा लागतो. खांद्यावरच्या आकाराला दुसऱ्या खांद्याचा आणि काखेचा आधार घ्या. कमरेवरच्या आकाराला कंबरपट्टा पुरत नाही. पोटापासून नितंबाच्या वरच्या भागापर्यंत घट्ट बसणारी बोनिंगची, म्हणजे कडक पट्ट्या घातलेली, आतली चोळी लागते. बाहीच्या आकाराला मुंढ्यापाशी न धरता आतल्या तंग बाहीवर धरा.

मुळाशी किमान तीन बिंदू हवेत आणि तिन्ही एका सरळ रेषेत नकोत. एका रेषेत शिवलेला आकार त्या रेषेभोवती फिरणारच, मग शिलाई कितीही पक्की असो.

ज्यांच्या कामाकडे आपण सगळे बघत शिकतो, त्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. डिझायनर चार्ल्स जेम्स यांचा १९५३ चा क्लोव्हर लीफ गाऊन बघा. चार पाकळ्यांचा तो प्रचंड घेर बाहेरून नुसता साटिन आणि मखमल वाटतो. आत थरांवर थर आहेत आणि सगळा भार नितंबांवर तोलून घेतला आहे. काही किलोंचा तो गाऊन घालून बाई नाचू शकावी, हे त्या तोलाचं काम. स्पॅनिश डिझायनर क्रिस्तोबाल बालेन्सियागांच्या कपड्यांचे एक्स-रे २०१७ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये प्रदर्शनात मांडले होते. वरून निव्वळ कापड दिसणाऱ्या पोशाखांच्या आत बोनिंग होतं, आणि कापड नेमकं पडावं म्हणून ठरावीक जागी लावलेली छोटी वजनंही. त्यांचा १९६७ चा काळा चार कोपऱ्यांचा ड्रेस, जो दुरून बंद पाकिटासारखा दिसतो, तोसुद्धा खांद्यांवरच्या पट्ट्यांवर लटकतो. तो सगळा डौल त्या पट्ट्यांवर तोललेला आहे.

उलटं वजन हा उपायही लक्षात ठेवा. पुढे आलेला आकार पुढे ओढत असेल, तर मागच्या बाजूच्या दुमडीत वजनाची साखळी घातली की कधी कधी काहीही कडक न करता काम होतं. मला हा उपाय सगळ्यांत आवडतो, कारण कापड कापडच राहतं.

अर्ध्या मापाचा नमुना फसवतो

हा खड्डा फार जणांना लागतो. छोट्या डमीवर, अर्ध्या मापात मांजरपाटाचा नमुना केला आणि तो सुरेख उभा राहिला. तोच पॅटर्न दुप्पट करून त्याच कापडात कापला तर कोसळला. पॅटर्नमध्ये चूक नसते. चूक अशी समजण्यात असते की आकार दुप्पट केला की सगळं त्याच प्रमाणात वाढतं.

कापडावर संशोधन करणाऱ्या एफ. टी. पिअर्स यांनी १९३० मध्ये कापडाचा ताठपणा मोजायची एक रीत मांडली. ती आजही प्रयोगशाळांत वापरतात आणि आपल्या टेबलावरही करता येते. कापडाची अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या, तिच्यावर मोजपट्टी ठेवून दोन्ही टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवा. बाहेर आलेलं टोक वाकत वाकत आडव्या रेषेपासून ४१.५ अंश खाली आलं की थांबा. कोन बघायला पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण कापून ठेवा, पाया १० सेंटिमीटर आणि उंची ८.८. बाहेर लोंबणारी जी लांबी, तिची निम्मी म्हणजे त्या कापडाची वाकण-लांबी. पट्टी १० सेंटिमीटर बाहेर आल्यावर कोन गाठला, तर वाकण-लांबी ५.

आता खरा मुद्दा. या लांबीचा घन म्हणजे कापडाचा ताठपणा भागिले त्याचं वजन. आकार दुप्पट केला तर तसाच उभा राहायला वाकण-लांबीही दुप्पट लागते, म्हणजे वजनाच्या हिशेबात ताठपणा आठपट. दुप्पट मापाला आठपट ताठपणा! एक जादा थर घालून तो येणं शक्य नाही.

म्हणून अर्ध्या मापाचा नमुना करायचाच असेल, तर खऱ्या कापडाच्या निम्मी वाकण-लांबी असलेलं कापड त्यासाठी शोधा. पूर्ण मापात ६ सेंटिमीटरचं कापड वापरणार असाल, तर छोटा नमुना ३ सेंटिमीटरच्या कापडात करा. तो उभा राहिला तर मोठाही उभा राहील. मी आता प्रत्येक थानाच्या नमुन्यावर हा आकडा पेनाने लिहून ठेवते. हाताला कापड कसं लागतं त्यावरून अंदाज बांधण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं आहे. उभ्या धाग्याचा, आडव्या धाग्याचा आणि उरेब, म्हणजे तिरक्या, दिशेचा आकडा वेगवेगळा येतो, तेव्हा तिन्ही मोजा.

थर वाढवून काय होतं

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. ती कळली तेव्हा मी कितीतरी जुनं काम मनातल्या मनात उसवलं.

कॅनव्हासचे दोन सारखे थर एकावर एक ठेवून नुसते कडेने टाचले, तर वाकताना ते एकमेकांवरून सरकतात. ताठपणा दुप्पट होतो, वजनही दुप्पट होतं. भागाकार तोच राहतो. म्हणजे स्वतःच्या वजनाने लोंबणाऱ्या आकारात नुसत्या टाचलेल्या दुसऱ्या थराचा फायदा शून्य, आणि पायावरचा भार मात्र दुप्पट. माझ्या कोटाच्या पंखात नेमकं हेच होत होतं.

दोन थर पूर्ण चिकटवले, सरकूच दिले नाहीत, तर जाडी दुप्पट होऊन ताठपणा आठपट होतो. वजन दुप्पटच राहिल्याने खरा फायदा चौपट, आणि वाकण-लांबी साधारण दीडपटीहून थोडी जास्त. हा फायदा खरा आहे. पण त्याची किंमत अशी की कापड कागदी होतं, एकदा मोडलं की मोड कायमची राहते, आणि वळणावर आतला थर चुरगळतो. मधला मार्ग म्हणजे पॅड टाके: कॅनव्हासवर हातात गोलाई धरून घातलेले तिरके, लहान टाके. ते थरांना पुरतं सरकू देत नाहीत, पण पुरतं जखडतही नाहीत. कॉलर आणि लॅपलला ते का घालतात याचं उत्तर इथेच आहे. टाके जितके लहान आणि जवळ, तितका भाग ताठ. मुळाशी अर्ध्या सेंटिमीटरचे आणि शेंड्याकडे दीड सेंटिमीटरचे घातले की ताठपणा हळूहळू उतरत जातो. शेंडा हलका हवा, मूळ ताठ हवं. बहुतेक जण सगळीकडे एकसारखं जाड करून ठेवतात.

सगळ्यांत चांगला उपाय मात्र थर वाढवण्याचा नाही. तो कापडाला खोली देण्याचा आहे. कागदाचा एक ताव एका कडेला धरा, पुढची कड लगेच लोंबते. त्याच तावाला धरलेल्या कडेपाशी पन्हाळीसारखा हलका बाक द्या, तो सरळ उभा राहतो. वजन गुंजभरही वाढलेलं नसतं. मोठा सपाट चेहरा असलेला आकार मध्ये पोट काढतो किंवा आत बसतो, तेव्हा त्याला कडक करण्याऐवजी एखादा नकळत बाक, एखादी उभी घडी, कडेला अर्ध्या बोटाची काटकोनातली दुमड देऊन बघा. पूर्ण सपाट पृष्ठभाग हा कापडातला सर्वांत दुबळा आकार आहे, आणि भौमितिक काम करणाऱ्यांना नेमका तोच हवा असतो.

जपानी डिझायनर जुन्या वॉतानाबे यांनी २००० च्या हिवाळी संग्रहात पॉलिएस्टर ऑर्गन्झाच्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या भल्यामोठ्या कॉलरी केल्या. हलकं, पारदर्शक कापड, ठरावीक बिंदूंवर जोडलेले असंख्य थर, उघडलं की कोठड्याकोठड्यांचा ढग. तिथे कापड उभं राहतं ते खोलीमुळे. जपानी डिझायनर इस्सी मियाके यांच्या प्लीट्समध्येही (चुण्यांच्या कपड्यांतही) तेच आहे. कपडा अडीच ते तीनपट मोठा कापून, शिवून, मग कागदांच्या मध्ये घालून उष्णतेने चुणी बसवायची. चुणीच्या दिशेने तेच पातळ पॉलिएस्टर ताठ, आडव्या दिशेने लवचिक. आणि याच न्यायाने १८५६ मध्ये पोलादी पिंजऱ्याचा क्रिनोलिन आला, तेव्हा घेर फुगवायला एकावर एक घातलेल्या जड परकरांची गरजच संपली. हलक्या कड्या योग्य जागी आल्या, थर गेले.

कड्या किंवा बोनिंग घालत असाल तर दोन बारीक गोष्टी. बोनिंग ज्या नेफ्यात जाईल त्यापेक्षा साधारण एक सेंटिमीटर आखूड कापा. पूर्ण लांबीचं घातलं तर ते बसताना शिलाईला ढकलतं आणि बाहेरून टोक उमटतं. आणि चपटी पोलादी पट्टी एकाच दिशेने वाकते, गुंडाळलेल्या तारेची पट्टी दोन्ही दिशांनी. वळणदार शिलाईत चपटी घातली की शिलाई सरळ व्हायला बघते आणि सगळी गोलाई बिघडते.

कोपरे बोथट, कडा मऊ

ही तक्रार खचण्याची नाही, पण तिच्याच पाठोपाठ येते. घनाकृती बाहीचा कोपरा टोकदार हवा होता, झाला बटाट्यासारखा.

एक कोपरा डोळ्यांजवळ धरून बघू. तीन पृष्ठभाग भेटतात, म्हणजे तीन शिलाया. प्रत्येक शिलाईच्या दोन माया (शिलाईबाहेर सोडलेलं जादा कापड), म्हणजे एका टोकात कापडाच्या सहा पदरांची गर्दी. फ्युजिंग असेल तर बारा. टोक बोथट होणारच. पहिलं काम, मायेतलं फ्युजिंग कापण्याच्या वेळीच वगळा. दुसरं, शिलाई कडेपर्यंत नेऊ नका. माया एक सेंटिमीटर असेल तर कोपऱ्याच्या एक सेंटिमीटर आधी थांबा, तिथे टाका पक्का करा. तिन्ही शिलाया एकाच बिंदूत येऊन थांबल्या पाहिजेत. एका टाक्याने चुकलं तरी कोपऱ्यात खळगा दिसतो. तिसरं, माया पायरीपायरीने कापा, एक लांब, एक आखूड. चौथं, आणि हे कुणी सांगत नाही, तिन्ही माया एकाच फेरीत एकमेकींवर लोळवा, भिंगरीच्या पात्यांसारख्या. मग गाठ एका जागी साचत नाही. यानंतर वाफ द्या आणि लगेच लाकडी ठोकळा दाबून कापड गार होईपर्यंत तसाच धरा. कड इस्त्रीने बसत नाही, गार होताना बसते. घाई करून ठोकळा उचलला की सगळी मेहनत वाया जाते.

शिलाईपेक्षा घडीची कड नेहमी धारदार येते. शक्य तिथे दोन भाग जोडण्याऐवजी एकच भाग दुमडा आणि घडीपासून एक-दोन मिलिमीटरवर टीप मारा. ती टीप घडीला कण्यासारखी धरून ठेवते.

गोलाकार पृष्ठभागाचं दुखणं निराळं. शंकू आणि नळकांडं सपाट कापडातून एका शिलाईत होतात. गोल होत नाही. सपाट पृष्ठभाग न ताणता, न चुरगळता गोलावर बसूच शकत नाही, हे गणिती गाऊस यांनी १८२७ मध्ये सिद्ध करून ठेवलं आहे. म्हणून गोल बाहीवर सुरकुत्या येत असतील तर इस्त्रीला दोष देऊ नका. टक्स वाढवा किंवा पाकळ्यांची संख्या वाढवा. सहा पाकळ्यांचा गोल षटकोनी दिसतो, बारा पाकळ्यांचा बराच गोल. लोकर असेल तर वाफेने आकसवून आणि ताणून थोडी गोलाई आणता येते. पॉलिएस्टरमध्ये ती सवलत नाही.

एका बाजूला कलणं, पीळ पडणं

दोन्ही बाजू एकाच पॅटर्नने कापल्या, तरी उजवी नीट आणि डावी पिळलेली? धागा बघा. जवळजवळ दर वेळी एक बाजू कापताना कापड वाचवायला पॅटर्न थोडा फिरवलेला असतो. सममित आकाराच्या दोन्ही बाजूंचा धागा आरशासारखा उलटा हवा, दोन्हींचा एकाच दिशेने नको. उरेब कड असेल तर कापलेला भाग शिवण्याआधी किमान २४ तास टांगून ठेवा आणि मग पुन्हा मोजून कापा. उरेब कड आपल्याच वजनाने वाढते, तिला हवं तितकं आधी वाढू द्या. जिथे वाढायलाच नको, तिथे उभ्या धाग्याची अरुंद पट्टी शिलाईत धरा.

रात्रीत उतरलेला आकार

हवा कापडात शिरते. प्रमाणित हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरतो, लोकर त्याहून बरंच जास्त, आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पाणी आत गेलं की सुती आणि लोकरीच्या धाग्यातली इस्त्रीने बसवलेली घडी सुटते. म्हणून दमट दिवसात सुती कॅनव्हासचा पंख खाली येतो आणि नायलॉन जाळीचा येत नाही. आकार धरून ठेवायचा भाग कृत्रिम धाग्याचा ठेवा, अंगाला लागणारा भाग नैसर्गिक. रेशीम हवंच असेल तर गझारसारखं, ज्याच्या विणीतच ताठपणा आहे. ते कापड १९५८ मध्ये झुरिकच्या अब्राहम कंपनीच्या गुस्ताव झुमस्टेग यांनी बालेन्सियागांसाठी घडवलं, आणि त्यांच्या फॅशन हाउसचे कितीतरी उभे आकार त्याच्याच जोरावर आहेत.

पॉलिएस्टरला ओलाव्याची भीती नाही, उष्णतेची आहे. साधारण ७० ते ८० अंशांच्या वर त्याचा धागा हलायला तयार होतो. चुणी त्याहून बऱ्याच जास्त तापमानाला बसवलेली असेल तर टिकते. नुसत्या घरगुती इस्त्रीने घाईत बसवलेली असेल, तर बंद गाडीत उन्हात दाबून ठेवलेली पेटी तिला हळूहळू उलगडते. डिझायनर पिअर कार्दां यांनी १९६८ मध्ये कार्दिन नावाच्या कृत्रिम कापडावर साच्याने उठवलेले भौमितिक उठाव केले, ते टिकले कारण आकार उष्णतेने धाग्यातच बसवला होता.

फ्युजिंगला बुडबुडे आले असतील तर पुन्हा इस्त्री फिरवून ते जात नाहीत. तापमान, दाब आणि वेळ, तिन्हींतलं एक चुकलेलं असतं. इस्त्री सरकवू नका, उचलून ठेवा, आणि भाग टेबलावर सपाट गार होईपर्यंत हलवू नका. गरम असताना उचलला तर तो हातात जसा वाकला, तशाच आकारात थिजतो.

चालताना आणि बसताना

इथे मी थोडक्यात सांगते. जिथे शरीर वाकतं तिथे आकारालाही वाकायची जागा द्या. अखंड कडक भाग काखेवरून किंवा नितंबावरून गेला, तर बसताना शरीर त्याला वर ढकलतं आणि मूळ उसवतं. कडक भागांमध्ये अर्ध्या ते एक सेंटिमीटरची मऊ फट ठेवा, तिथे फक्त वरचं कापड असू द्या. ती बिजागरी होते. डिझायनर हुसेन शालायान यांनी २००० मध्ये लाकडी टेबलाचा स्कर्ट केला. लाकूड वाकत नाही, पण एकात एक सरकणाऱ्या कड्यांमुळे ते टेबल उचलून कमरेला अडकवता आलं. मियाके यांच्या २०१० च्या "१३२ ५." या मालिकेत कपडा पूर्ण सपाट घडीत मिटतो आणि उचलला की उभा राहतो, कारण वाकायच्या रेषा आधीच ठरवून दाबलेल्या आहेत. रेषा तुम्ही ठरवली नाहीत तर शरीर ठरवतं, आणि ते नेमकी नको तिथे ठरवतं.

उद्या सकाळी शो आहे आणि आकार आजही खचतोय

पुन्हा बांधायला वेळ नसेल तर हे करा, याच क्रमाने. आधी वजन कमी करा: शेंड्याच्या बाजूचा कॅनव्हास आतून कापून काढा, मुळाचा राहू द्या. मग मुळापासून आकाराच्या मध्यापर्यंत पातळ नायलॉन बोनिंगच्या दोन पट्ट्या व्ही आकारात घाला. व्हीची दोन मोकळी टोकं मुळाकडे, एकमेकांपासून लांब असू द्या, आणि त्या मिळतात तो कोन शेंड्याकडे. मग आतून पारदर्शक नायलॉन दोरीने शेंड्याच्या थोड्या अलीकडचा बिंदू दुसऱ्या खांद्याला किंवा आतल्या कंबरपट्ट्याला ताण देऊन बांधा. दोरी वरच्या कापडाला बांधू नका, कॅनव्हासला बांधा, नाहीतर बाहेरून खळी दिसेल. दोरीला गाठ मारण्याआधी घालणारीला दोनदा खोल श्वास घ्यायला आणि एकदा हात वर करायला सांगा. ताण तेव्हा ठरवा, ती स्तब्ध उभी असताना नाही.

कपडा टांगून नेऊ नका. पंख असलेला भाग वर ठेवून, आत चुरगळलेला पातळ कागद भरून, सपाट पेटीत न्या. आणि पोचल्यावर पेटी लगेच उघडा, रॅम्पच्या किमान दोन तास आधी. वीस मिनिटांच्या फरकाने ते दोन फोटो पुन्हा काढा.